रोस्टर, टेलिफोनिक ऑर्डर आणि ८८ दिवस : इंदूरमधल्या एका खासगी हॉस्पिटलचं प्रकरण

हे प्रकरण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी आणि नर्सिंग इन्चार्जसाठी रचलेलं आहे. हॉस्पिटल, माणसं, घटनेच्या तारखा आणि रकमा काल्पनिक आहेत. कायद्याची, मुख्यतः कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची, कलमं आणि मुदती मात्र खऱ्या आहेत. रजिस्टरं तर कुठल्याही हॉस्पिटलात असतात तीच.

जागा आणि माणसं

इंदूरच्या पश्चिम भागातलं ११० खाटांचं हॉस्पिटल. तीन ओटी (ऑपरेशन थिएटर), १४ खाटांचा आयसीयू, तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन झालेल्यांसाठी २२ खाटांचा पोस्ट-ऑप वॉर्ड. पाळ्या नेहमीच्याच: सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८, रात्री ८ ते ८. रात्री तिसऱ्या मजल्यावर दोन सिस्टर आणि एक आया. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, एकच, तो सगळ्या मजल्यांना मिळून. वॉर्डच्या टोकाला, लिफ्टच्या पलीकडे डॉक्टरांची ड्यूटी रूम. तिला आतून कडी, दाराला काच नाही.

तक्रारदार २६ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली स्टाफ नर्स. राहणार राजेंद्र नगर, घरी आई आणि धाकटा भाऊ. ती हॉस्पिटलच्या पगारपत्रकावर नाही. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून ११ महिन्यांच्या करारावर आलेली. पगार १५,२०० रुपये, शिवाय प्रत्येक नाईटला १५० रुपये भत्ता. ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते व्हिजिटिंग सर्जन. तेही पगारपत्रकावर नाहीत. केसमागे फी घेतात आणि महिन्याला तीसेक ऑपरेशन्स आणतात. म्हणजे कागदावर दोघांपैकी कोणीच हॉस्पिटलचं ‘कर्मचारी’ नाही. व्यवस्थापनाचा पहिला बचाव यावरच उभा राहिला.

काय घडलं

फेब्रुवारीच्या शेवटी सर्जनचे फोन सुरू झाले, वॉर्डच्या लँडलाइनवर नाही, तिच्या मोबाइलवर, रात्री साडेदहा-अकरानंतर. सुरुवात पेशंटच्या ड्रेनपासून (जखमेतला स्राव काढणाऱ्या नळीपासून), शेवट “अकेली हो क्या ड्यूटी पे?” वर. मार्च-एप्रिलमध्ये ओटीत गाऊन बांधताना अंगाविषयी शेरे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज यायचे आणि वाचले की पुसले जायचे. मागे फक्त मेसेज डिलीट केल्याची ओळ आणि वेळ राहायची. ९ जूनच्या नाईटला, पहाटे पावणेदोनच्या सुमारास, डिस्चार्ज फाइलवर सही घ्यायला त्यांनी तिला ड्यूटी रूममध्ये बोलावलं आणि कमरेला धरून जवळ ओढलं. ती हात सोडवून बाहेर आली. २ वाजून १४ मिनिटांनी तिने दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला मेसेज केला: “परत तसंच केलं. मी आता तिकडे एकटी जाणार नाही.”

सकाळी हँडओव्हरनंतर तिने इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. उत्तर मिळालं, “अगं, सर सगळ्यांशीच असे वागतात. तू मनावर घेऊ नकोस, फाइल आयाच्या हाती पाठवत जा.” इन्चार्ज मराठीच, पंधरा वर्षं त्याच मजल्यावर. सल्ला आपुलकीचा होता, पण सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग तोच पडला. हॉस्पिटलचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग १५ दिवसांनी आपोआप पुसलं जातं. १० जूनला इन्सिडेंट फॉर्म भरला गेला असता, तर पॅसेजमधलं फुटेज, कोण किती वाजता खोलीत गेलं आणि कोण कसं बाहेर आलं, काढून ठेवता आलं असतं. लेखी तक्रार आली तोवर ते कधीच गेलेलं होतं.

तिने ड्यूटी रूममध्ये जाणं बंद केलं. १ जुलैला नवं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, लागू झालं, त्यात तिच्या नावापुढे १२ नाईट. ४ जुलैला मेमो आला: २ जुलैचा संध्याकाळी ६ चा अँटिबायोटिक डोस उशिरा दिला. त्याच आठवड्यात सर्जननी ओटी इन्चार्जला कळवलं की अनुभव कमी आहे, हिला माझ्या टेबलवर नको. १८ जुलैला तिने नर्सिंग सुपरिंटेंडेंटना तोंडी सांगितलं. त्यांनी “बघते” म्हटलं आणि ऑगस्टचं रोस्टरही तसंच आलं.

शेजारच्या एक काकू सरकारी हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी तिला अर्ज लिहायच्या आधी दोन कामं करायला लावली. फेब्रुवारीपासूनच्या रोस्टरचे फोटो गोळा कर, आणि मोबाइलमधली कॉलची यादी जुनी होऊन निघून जाण्याआधी तारखेसकट स्क्रीनशॉट घे. काकूंना कलमं ठाऊक नव्हती. हॉस्पिटलात खरी गोष्ट कुठे लिहिलेली असते ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

तक्रार दाखल होताना झालेल्या चुका

२१ ऑगस्टला तिने मराठी-हिंदीत लिहिलेला चार पानी अर्ज एचआरकडे दिला. एचआरने परत केला: इंग्रजीत आणा, सहा प्रती आणा. सहा प्रतींचा नियम आहे खरा, २०१३ च्या नियमावलीतला नियम ७. पण तो समितीच्या सोयीसाठी आहे, दार लावायला नाही. झेरॉक्स समितीने काढावी. इंग्रजीची अट तर कुठेच नाही. उलट लिहिता येत नसेल तर अध्यक्षांनी किंवा सदस्याने लिहायला मदत केली पाहिजे, असं कलम ९ म्हणतं. तिने अर्जावर पोच मागितली आणि ती मिळेपर्यंत खुर्चीतून उठली नाही. पुढच्या सगळ्या मुदती त्या शिक्क्यापासून मोजल्या गेल्या.

मग मुदतीचा वाद. कायदा घटनेपासून तीन महिने देतो. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. ९ जून ते २१ ऑगस्ट म्हणजे ७३ दिवस. फेब्रुवारी-मार्चच्या गोष्टी मुदतीबाहेर गेल्या असं एचआरने टिपणीत लिहिलं. ते चूक, कारण माणूस तोच, पद्धत तीच आणि साखळी तुटलेली नाही. मुदत खरोखर गेली असती तरी कारण लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने देऊ शकते. नर्सच्या बाबतीत हे कारण बहुतेक वेळा एकच असतं: करार संपत आलेला असतो.

एचआरने अर्ज समितीकडे नेण्याऐवजी मेडिकल डायरेक्टरकडे नेला आणि डायरेक्टरनी संध्याकाळीच सर्जनना फोन लावला. गोपनीयतेचं कलम १६ पहिल्याच दिवशी मोडलं. तक्रारदाराचं नाव, तक्रारीचा मजकूर, चौकशीतलं काहीही बाहेर जाता कामा नये. माहिती बाहेर सोडणाऱ्याकडून ५,००० रुपये वसूल होतात. रक्कम किरकोळ आहे. पण साक्षीदार फुटतात ते याच फटीतून, आणि इथे एक फुटला.

२४ ऑगस्टला डायरेक्टरच्या केबिनमध्ये ‘समझोता’. सर्जन म्हणाले, “बेटी जैसी है, गलतफहमी हो गई.” डायरेक्टरनी तोडगा काढला: ओपीडीची दिवसपाळी, २,००० रुपये पगारवाढ आणि ‘मला पुढे काही करायचं नाही’ असं पत्र. तिने सही केली नाही. केली असती तरी तो समझोता कायद्यात बसला नसता. कलम १० नुसार सलोखा फक्त तक्रारदार महिलेने मागितला तर होतो, तो समितीमार्फत होतो, आणि त्याचा पाया पैसा असू शकत नाही. इथे तिन्ही अटी मोडल्या होत्या.

दोन दिवसांनी तिला ‘सुरक्षेसाठी’ ओपीडीत हलवलं. तिने मागितलं नव्हतं. नाईट गेल्या, भत्ता गेला आणि मजल्यावर कुजबुज सुरू झाली की चूक हिचीच असणार, म्हणून हिला हलवली. तक्रारदाराला हलवणं हा हॉस्पिटलांचा आवडता उपाय आहे, कारण सर्जनला हलवलं तर ओटीची यादी हलते.

समिती होती, पण कागदावर

२ सप्टेंबरला ती काकूंबरोबर मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात गेली आणि केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकली. जिल्ह्याची स्थानिक समिती दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणांसाठी किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी असते. त्यामुळे हे प्रकरण त्या समितीने ऐकलं नाही. पण महिला व बालविकास विभागाने हॉस्पिटलला पत्र पाठवून समितीचा आदेश मागवला. तो आदेश शोधताना हॉस्पिटललाच आपली समिती कशी आहे ते कळलं. तीन वर्षांची मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली. अध्यक्षा नर्सिंग सुपरिंटेंडेंट, ज्यांनी जुलैत “बघते” म्हटलं होतं, म्हणजे आता त्या स्वतःच साक्षीदार. बाहेरचे सदस्य म्हणून हॉस्पिटलचेच कायदा सल्लागार.

समिती न नेमल्याबद्दल कलम २६ खाली ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा झाला तर दुप्पट शिक्षा आणि परवाना जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मध्य प्रदेशात नर्सिंग होमचा परवाना १९७३ च्या राज्य कायद्याखाली असतो, आणि व्यवस्थापन दंडाला नाही, त्या परवान्याला घाबरतं.

९ सप्टेंबरला, म्हणजे १९ व्या दिवशी, नवी समिती बसली. अध्यक्षा लॅबच्या प्रमुख, पूर्ण वेळ पगारी, ज्यांच्या कामाला सर्जनच्या केसेसची गरज नाही. डायलिसिसच्या वरिष्ठ सिस्टर, मेडिकल रेकॉर्ड विभागाचे प्रमुख, लेखा विभागाचे एक जण, आणि शहरातल्या महिला संस्थेत काम करणाऱ्या बाहेरच्या सदस्या. पाचात तीन महिला. निम्म्या तरी हव्यातच. मेडिकल रेकॉर्डचा माणूस घेण्याची सूचना बाहेरच्या सदस्यांची. प्रकरण उभं राहिलं ते त्या एका निवडीमुळे.

पहिल्या बैठकीत काय ठरलं

समितीने पहिल्या दिवशी चौकशीला हात घातला नाही, आधी कागद सील केले. तिसऱ्या मजल्याचं जानेवारीपासूनचं सेन्सस रजिस्टर (दाखल पेशंटची रोजची नोंदवही), रोस्टरच्या मूळ प्रती, हँडओव्हर बुक, ओटी रजिस्टर आणि त्या काळातल्या केस पेपरमधल्या डॉक्टर्स ऑर्डर शीट ताब्यात घेतल्या. इन्चार्जना कळायच्या आत. रोस्टरवर व्हाइटनर मारलेला निघाला. ते पुढे येईलच.

तिच्या लेखी विनंतीवरून कलम १२ आणि नियम ८ खाली अंतरिम शिफारशी झाल्या. सर्जन तिच्या कामाबद्दल काहीही लिहिणार नाहीत. तिचं रोस्टर आणि मूल्यमापन इन्चार्जकडून काढून आयसीयू सुपरवायझरकडे. तिला ओपीडीतून तिच्या पसंतीने आयसीयूत. जूनपर्यंतच्या सरासरीने दरमहा सहा नाईटचा भत्ता, नाईट लागो न लागो. सर्जनने तिसऱ्या मजल्यावर रात्री राउंड घेतला तर आरएमओ सोबत. आणि ठेकेदाराला पत्र: ३० सप्टेंबरला संपणारा करार चौकशी होईपर्यंत चालू ठेवावा. ठेकेदाराने आधी कळवलं की ‘क्लायंटला नको असेल तर आम्ही ठेवू शकत नाही’. समितीने उत्तरात दोन व्याख्या उतरवून पाठवल्या. कलम २(एफ) मध्ये ठेकेदारामार्फत लावलेली, हंगामी, प्रशिक्षणार्थी, पगार घेणारी आणि न घेणारी अशी सगळी माणसं कर्मचारी आहेत. कलम २(जी) मध्ये करार पाळणारा ठेकेदारही मालक आहे. करार वाढला.

तिला वाटलं तर तीन महिन्यांपर्यंतची जास्तीची रजाही मिळू शकत होती. तिने घेतली नाही. रजेवर गेलेल्या नर्सविषयी मजल्यावर जे बोललं जातं ते तिला माहीत होतं.

सर्जनच्या वकिलाने लेखी हरकत घेतली: डॉक्टरसाहेब कर्मचारी नाहीत, समितीला अधिकार नाही. उत्तर असं गेलं. कायद्यात ‘प्रतिवादी’ म्हणजे जिच्यावर तक्रार आहे ती व्यक्ती. ती पगारी असावी असं कुठे म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत हॉस्पिटल आणि नर्सिंग होम नावानिशी आहेत. आणि कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे कलम १९ ने मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे, मग तो पेशंटचा नातेवाईक असो की व्हिजिटिंग सर्जन.

तक्रारीची प्रत सर्जनना १२ सप्टेंबरला गेली. नियमाप्रमाणे ती तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजी दिवसांत जायला हवी होती. उशीर का झाला ते समितीने स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवलं, झाकलं नाही. सर्जनचं उत्तर दहा कामकाजी दिवसांत आलं: फोन पेशंटसाठी, ड्यूटी रूमची घटना झालीच नाही, तक्रार मेमोचा सूड म्हणून.

रजिस्टरं काय सांगतात

‘पुरावा नाही’ हे वाक्य समित्या फार लवकर लिहितात. हॉस्पिटलात बारा तासांत जितकं लिहिलं जातं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या कामाच्या जागी लिहिलं जात असेल. ते या प्रश्नासाठी लिहिलेलं नसतं, आणि म्हणूनच ते विश्वासाचं.

फोन. २६ फेब्रुवारी ते ९ जून या काळात रात्री दहानंतर सर्जनच्या नंबरवरून तिला १७ कॉल. डॉक्टरने फोनवर औषध किंवा बदल सांगितला तर सिस्टर तो ऑर्डर शीटवर वेळेसकट ‘टेलिफोनिक ऑर्डर’ म्हणून लिहिते, परत वाचून दाखवते, आणि डॉक्टरने नंतर येऊन सही करायची असते. मेडिकल रेकॉर्डच्या सदस्यांनी १७ कॉल आणि ऑर्डर शीट समोरासमोर मांडल्या. तीन कॉल तिच्या ऑफच्या रात्रीचे; ती वॉर्डात नव्हतीच. उरलेल्या १४ पैकी पाचांना जुळणारी ऑर्डर सापडली. नऊंना काहीच नाही: ना ऑर्डर, ना नर्सेस नोट्समध्ये ‘डॉक्टरांना कळवले’. त्या नऊपैकी चार रात्री, मध्यरात्रीच्या सेन्ससप्रमाणे, तिसऱ्या मजल्यावर या सर्जनचा एकही पेशंट दाखल नव्हता.

कॉलची ही यादी समितीने सर्जनना लेखी देऊन खुलासा मागितला. त्यांनी लिहिलं, लँडलाइन लागत नव्हती. त्याच रात्रींना इतर तीन डॉक्टरांच्या ऑर्डर लँडलाइनवरून आल्याची नोंद होती.

रोस्टर. फेब्रुवारी ६ नाईट, मार्च ६, एप्रिल ७, मे ६, जून ७. जुलै १२, ऑगस्टच्या पहिल्या वीस दिवसांत ९. त्याच मजल्यावरच्या बाकीच्या सिस्टरना जुलैत ६ ते ८. मूळ कागदावर जुलैच्या चार चौकोनांत व्हाइटनर. पण रोस्टर लागलं की त्याचा फोटो मजल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो; ३० जूनच्या रात्रीच्या फोटोत तिच्या नावापुढे आठ नाईट होत्या. म्हणजे चार नंतर वाढवल्या. इन्चार्जचं म्हणणं, सरांनी सांगितलं की रात्री अनुभवी सिस्टर हवी. त्याच आठवड्यात सरांनी ओटीत कळवलं होतं की हिला अनुभव नाही. समितीने दोन्ही वाक्यं अहवालात एकाखाली एक ठेवली आणि शेरा मारला नाही.

मेमो. डोस २ जुलैच्या संध्याकाळी ६ चा. ती त्या दिवशी नाईटला, म्हणजे ८ वाजता आलेली. औषधाच्या चार्टवर डोस ६ वाजून १० मिनिटांनी दिल्याची नोंद, सही दुपारपाळीच्या सिस्टरची. उशीर झालाच नव्हता, आणि झाला असता तरी तिचा नव्हता. मेमोवर सही करताना इन्चार्जनी चार्ट उघडलाच नव्हता. असे मेमो तपासायला पाच मिनिटं लागतात. समित्या ते शिस्तीचं वेगळं प्रकरण समजून बाजूला ठेवतात. कामात अडथळा, नोकरीची धमकी, अपायकारक वागणूक हे लैंगिक छळाशी जोडलेलं असेल, तर कलम ३(२) प्रमाणे तेही छळच ठरू शकतं.

पुसलेले मेसेज. मजकूर गेला तरी रात्री ११:४० ला मेसेज आला आणि नंतर पुसला गेला, ही नोंद राहते; अशा २३ ओळी होत्या. समितीने मोबाइल तिच्याच हातात ठेवून स्क्रीन पाहिली, नोंद केली, छापील प्रतीवर तिची सही घेतली. अंतर्गत चौकशीला पुराव्याचे कोर्टासारखे काटेकोर नियम लागत नाहीत. पण प्रकरण पुढे पोलिसांत गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. म्हणून फोन फॉरमॅट करायचा नाही, विकायचा नाही, हे तिला लेखी सांगितलं.

साक्षी

सहा बैठका झाल्या. दर बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेतच. एकदा दोघंच आले तेव्हा बैठक रद्द केली. तक्रारदार आणि सर्जन यांना समोरासमोर बसवलं नाही. सर्जनचे प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांनी विचारले. “रात्री बाराला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन का होतीस” हा प्रश्न वगळला आणि का वगळला ते नोंदवलं. वकील आत येऊ शकत नाही, कोणत्याच बाजूचा नाही.

घाई मात्र केली नाही. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या एका प्राध्यापकांच्या प्रकरणात घाईने उरकलेली चौकशी म्हणूनच शिक्षा रद्द केली होती. प्रतिवादीला कागद देणं, वेळ देणं आणि त्याचं ऐकणं हे सौजन्य म्हणून करायचं नसतं. ते केलं नाही, तर अहवाल अपिलात टिकत नाही आणि मेहनत तक्रारदाराचीच फुकट जाते.

ओटी टेक्निशियन फिरला. चौकशीआधी त्याने तक्रारदाराच्या मैत्रिणीला सांगितलं होतं की शेरे त्यानेही ऐकलेत. समितीपुढे म्हणाला, मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तो संध्याकाळी सर्जनच्या क्लिनिकमध्ये काम करतो, हे लेखा विभागाच्या सदस्यांना ठाऊक होतं. समितीने त्याच्यावर जोर दिला नाही, फक्त संबंध नोंदवला.

आयाची साक्ष वेगळी. ती माळवीत बोलली. पहिला मसुदा लेखा विभागाच्या सदस्याने कार्यालयीन हिंदीत उतरवला: ‘उक्त महिला विचलित अवस्था में कक्ष से बाहर आई’. अध्यक्षांनी तो फाडला आणि बाईच्याच शब्दांत पुन्हा लिहून घेतला. सिस्टर खोलीतून भराभर बाहेर आली, फाइल तिथेच राहिली, नळाखाली हात धूत उभी राहिली, दहा मिनिटं धूतच होती. हात धुण्याची गोष्ट तक्रारीत कुठेच नव्हती. आणि फाइल तिथेच राहिल्याला आधार सापडला: त्या डिस्चार्ज फाइलवर सर्जनची सही होती, पण सिस्टरची सही सकाळच्या पाळीची.

तोंडी ऐकलेल्याला किती वजन द्यायचं? मैत्रिणीने खोलीत काही पाहिलं नव्हतं. पण २:१४ चा मेसेज त्याच रात्रीचा, वाद उभा राहण्याच्या दहा आठवडे आधीचा, मेमोच्याही २४ दिवस आधीचा. ‘मेमोचा सूड’ हा बचाव तिथेच संपतो. समितीला फौजदारी कोर्टासारखं निःसंशय सिद्ध करायचं नसतं. कोणतं म्हणणं अधिक संभवनीय, एवढं ठरवायचं असतं.

निष्कर्ष आणि त्याचं पुढे काय झालं

१७ नोव्हेंबरला, ८८ व्या दिवशी चौकशी पुरी झाली; कायद्याची मर्यादा ९०. अहवाल दहा दिवसांत द्यायचा, तो आठव्या दिवशी, २५ नोव्हेंबरला दिला. फोन, मेसेज, ड्यूटी रूममधला स्पर्श आणि रोस्टर-मेमोमधली सूडाची वागणूक सिद्ध. ओटीतले शेरे सिद्ध झाले नाहीत. त्यावर सर्जनने खोट्या तक्रारीची कारवाई मागितली. समितीने कलम १४ दाखवलं: सिद्ध करता न येणं म्हणजे खोटं नव्हे, जाणूनबुजून खोटी तक्रार केली हे स्वतंत्र चौकशीत ठरावं लागतं.

शिफारशी: सर्जनचं पॅनेल (हॉस्पिटलशी असलेला करार) संपवावं, लेखी माफी, १,२०,००० रुपये भरपाई. ही रक्कम कलम १५ च्या निकषांवर मोजली: मानसिक त्रास, हुकलेली ओटीची संधी, समुपदेशनाचा खर्च, प्रतिवादीचं उत्पन्न. पगारातून कापायचं तर पगारच नाही, म्हणून त्यांच्या थकीत फीमधून वळती करावी. न जमल्यास वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करण्यासाठी जिल्हा अधिकाऱ्यांकडे पाठवता येते. इन्चार्जकडून रोस्टरचं काम काढावं आणि स्वतंत्र शिस्तभंगाची कारवाई व्हावी.

मालकाला अंमलबजावणीला ६० दिवस. हॉस्पिटलने ५८ व्या दिवशी, २२ जानेवारीला आदेश काढला, आणि पॅनेल संपवण्याऐवजी सहा महिन्यांसाठी ऑपरेशनचे अधिकार थांबवले. कन्सल्टंट करारात लैंगिक छळाचं कलमच नव्हतं, हे कारण दिलं. करारातलं सर्वसाधारण वर्तनाचं कलम पुरेसं होतं. खरं कारण त्या तीस ऑपरेशन्सचं. शिफारस न पाळल्याबद्दल कलम १८ खाली ९० दिवसांत अपील करता येतं, हे बाहेरच्या सदस्यांनी तिला आदेशाच्या प्रतीसोबत लेखी कळवलं.

पोलिसांचं दार आधीपासून उघडं होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळासाठी, ७४ विनयभंगाच्या हेतूने बळ वापरण्यासाठी. तिला हवं असेल तर मदत करणं हे हॉस्पिटलचं कर्तव्य आहे, आणि समितीची चौकशी चालू आहे म्हणून एफआयआर अडत नाही. तिने तेव्हा केली नाही. समितीने तिला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मजल्यावर चार बदल झाले. ड्यूटी रूमच्या दाराला काच आली आणि आतली कडी निघाली. रोस्टरच्या तळाशी प्रत्येक सिस्टरच्या नाईटची बेरीज छापून येते आणि बदल झाला तर व्हाइटनर नाही, लाल शाईने सही. डॉक्टरांचा फोन फक्त मजल्याच्या लँडलाइनवर. सिस्टरचा मोबाइल नंबर वॉर्डच्या बोर्डावरून पुसला. आणि तोंडी तक्रार मिळालेल्या इन्चार्जने त्याच पाळीत इन्सिडेंट फॉर्म भरून सीसीटीव्हीची मागणी पाठवायची, तक्रारदाराला चौकशी हवी असो वा नसो. फुटेज जपण्यासाठी तिचं नाव लिहावं लागत नाही.

मार्चअखेर तिने दुसरीकडे नोकरी धरली. एचआरने दिलेल्या अनुभव प्रमाणपत्रात वर्तनापुढे ‘समाधानकारक’ लिहिलं होतं. त्या वर्षी तिथून गेलेल्या बाकी सगळ्या सिस्टरच्या प्रमाणपत्रांत ‘उत्तम’ होतं. तो एक शब्द बदलून घ्यायला आणखी ११ दिवस लागले.